नानकटाईच्या आधी डबा

सगळ्यात आधी डबा. मैदा नंतर, तूप नंतर, ओव्हन तर त्याहून नंतर. नानकटाई करायची त्याच्या आदल्या दिवशी डबा घासून पालथा घाला. झाकणाला रबराची कडी असेल तर ती काढून वेगळी वाळवा, पाणी तिच्या खाली लपून बसतं. ऊन असेल तर उन्हात. नसेल, म्हणजे श्रावण-भाद्रपदात नसतंच, तर स्टीलचा डबा कोरड्या फडक्याने पुसून पोळ्या झाल्यावरच्या कोमट तव्यावर पाच मिनिटं पालथा ठेवा आणि मग गार होऊ द्या. प्लास्टिकचा असेल तर तव्याच्या जवळपासही नेऊ नका.

हे इतकं सांगतेय कारण गेल्या गणपतीत माझं नेमकं हेच राहिलं. चाकरमानी येणार म्हणून आदल्या रात्री दोन ट्रे भाजले, डबा तेव्हाच धुतला, पदराने पुसल्यासारखा केला, कोमट नानकटाई भरली आणि झाकण दाबून झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर डबा उघडला तर झाकणाला आतून थेंब. भावजींनी एक उचलली, ती बोटांतच वाकली. म्हणाले, "वहिनी, शिरा चांगला झालाय."

तर डबा. तो झाला असं धरून पुढे जाऊ.

सामान थोडंच आहे: मैदा एक वाटी, बेसन पाव वाटी, रवा दोन चमचे, पिठीसाखर अर्धी वाटी, साजूक तूप अर्धी वाटी, बेकिंग पावडर अर्धा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची, जायफळ. एवढ्यात वीसेक होतात. मैदा, बेसन आणि बेकिंग पावडर एकत्र चाळा. का ते विचारू नका, चाळा. पिठीसाखर पावसाळ्यात आठवडाभर आधी दळून ठेवू नका, गोळे होतात. हवेतलं पाणी ओढून घ्यायचा साखरेचा स्वभावच आहे, आणि बिस्किटं सादळतात त्यातही तिचा हात असतो. गूळ तर तिच्याही पुढे. पहिल्या खेपेला गुळाच्या नादी लागू नका.

तूप थिजलेलं हवं. पातळ तूप घातलंत की नानकटाई भाजताना पसरून चपटी होते. आपल्याकडे मे महिन्यात तूप बरणीत पाण्यासारखं असतं, तेव्हा मोजून वाटीत काढा आणि फ्रिजमध्ये घट्ट होईपर्यंत ठेवा. मग साखर घालून हाताने फेसा, पांढरट आणि हलकं होईपर्यंत, दहा मिनिटं तरी. हात दुखेल. त्यात पीठ घातल्यावर मात्र मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलंत की खुसखुशीतपणा गेला. गोळा फुटत असेल तर चमचाभर तूप घाला, पाणी किंवा दूध नको.

घरचं आहे म्हणून ओलं खोबरं घालायचा मोह कोकणात सगळ्यांनाच होतो. नको. ओल्या नारळाची बिस्किटं मऊ पडतात आणि टिकतही नाहीत. सुकं खोबरं किसून मंद भाजून घाला, दोन चमचे पुरे. नाचणी हवी असेल तर मैद्याच्या निम्मीच घ्या. तिच्यात मैद्यासारखा चिकटपणा नसतो, सगळी नाचणीच घेतलीत तर भुगा हातात येईल.

ओव्हन १७० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा. ओव्हन नसेल, किंवा पावसात वीज गेली (जाणारच), तर जाड कढईत बोटभर मीठ पसरा, त्यावर जाळीचं स्टँड, वर घट्ट झाकण, आणि मध्यम आचेवर दहा मिनिटं. मग ताटली आत ठेवून आच बारीक करा. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढा, पाणी अजिबात नको.

भाजायला पंधरा ते अठरा मिनिटं, कढईत थोडी जास्त. कडा खालून बदामी दिसल्या की काढा. हात लावून बघाल तर मऊ लागेल आणि वाटेल कच्ची आहे. कच्ची नाही. आतलं तूप गरम असतं तोवर मऊच लागते, गार झाली की कडक होते. इथे न राहवून पुन्हा आत ढकललीत तर दाताला दगड.

आता परत डबा, हो. ताटलीवर दहा मिनिटं, मग जाळीवर तासभर. वर पातळ फडकंसुद्धा टाकू नका, वाफ अडकते. खालची बाजू गालाला लावून बघा, गार म्हणजे पूर्ण गार. पण रात्रभर बाहेरही नको. आपली पावसाळी हवा उघड्यावरचा पापडसुद्धा सोडत नाही, तिथे नानकटाईची काय कथा. तास झाला की भरा. त्या सुकवलेल्या डब्यात. भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी तळाशी टाकतात, टाका, पण डबा ओला असेल तर ती काहीही करू शकत नाही, मी तीही टाकली होती.

तळाला कागद. झाकण. दहा-बारा दिवस राहतात. खायच्या लहान डब्यात थोड्या काढून ठेवा, नाहीतर मुलं मोठा डबा दिवसातून वीसदा उघडतात. तरीही सादळल्याच, तर १५० अंशांवर पाच-सात मिनिटं, मग तासभर जाळीवर, आणि तोवर डबा पुन्हा तव्यावर पालथा.