ट्रेलर ओढत अमेरिका पार करायचीय? नकाशाआधी वजनकाटा

उन्हाळा जवळ आला की ओळखीतलं कुणीतरी फोन करतं: "ट्रेलर घेतलाय, न्यू जर्सी ते कॅलिफोर्निया जायचं ठरवतोय, रूट सांग ना." मी रूट सांगत नाही. आधी विचारते, ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर आहे, त्यावरचा आकडा वाचलास का? आजपर्यंत एकानेही "हो" म्हटलेलं नाही. पिकअप ट्रकमागे ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, लावून आम्ही तीनदा देश आडवा पार केलाय, बहुतेक वेळ स्टिअरिंगवर मीच होते. या सगळ्या तयारीत खरं अवघड काम एकच आहे, वजन. म्हणून हा लेखही बराचसा वजनावरच आहे.

दिवस मोजा

आय-८० हा महामार्ग न्यू जर्सीतल्या टीनेकपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सुमारे २,९०० मैल आहे. कारने लोक दिवसाला ६०० मैल मारतात. ट्रेलर ओढताना ३०० धरा, आणि दुपारी तीनच्या सुमारास मुक्कामी पोचा. म्हणजे नुसतं जायला दहा दिवस. दोन आठवड्यांच्या सुट्टीत जाऊन-येऊन बसत नाही, कुणी काहीही सांगो. तेवढीच रजा असेल तर साउथ डकोटापर्यंत जा, बॅडलँड्स नीट बघा आणि परत या.

वजन

ट्रक विकणारा तुम्हाला एकच आकडा सांगेल: "हा ९,८०० पौंड ओढतो." आम्हालाही तेच सांगितलं होतं. आमचा २६ फुटी ट्रेलर माहितीपत्रकात ५,६०० पौंडांचा होता. ९,८०० मधून ५,६०० गेले, भरपूर शिल्लक, असा हिशेब करून आम्ही सही करून मोकळे झालो.

हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. ५,६०० हे रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, अंथरुणं नाहीत, तांदळाची गोणी नाही. एक गॅलन पाणी ८.३ पौंड भरतं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड तिथेच वाढले. आमचा ट्रेलर भरल्यावर काट्यावर ६,९०० निघाला. आणि ट्रकची खरी मर्यादा बहुतेक वेळा ओढण्याच्या आकड्यावर येतच नाही, ती पाठीवर किती पेलतो यावर येते. स्टिकरवर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये. तो पेलोड. आमच्या पहिल्या ट्रकचा पेलोड होता १,४८०.

ट्रेलरचं नाक, म्हणजे टंग, ट्रकच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर, टेकलेलं असतं. त्याचा भार ट्रकच्या पाठीवर पडतो आणि तो पेलोडमध्येच मोजायचा. ट्रेलर रस्त्यावर सरळ चालायचा तर हा भार भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के हवा. मी १३ धरते. ६,९०० चे १३ टक्के म्हणजे साधारण ९००. आम्ही चौघं ६००. हिचचं लोखंड ९०. ट्रकच्या मागच्या हौद्यात जनरेटर, कूलर, अवजारं मिळून २००. बेरीज १,७९०. ट्रक पेलतो १,४८०. तीनशे पौंड जास्त, आणि ओढायच्या ९,८०० च्या आपण जवळपाससुद्धा नाही!

हे मला निघायच्या आठवडाभर आधी कळलं. मग एका अनुभवी म्हणवणाऱ्या गृहस्थांनी उपाय सुचवला: "सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकव, नाकावरचा भार कमी होतो, पेलोडमध्ये बसतं." आम्ही ऐकलं. चार सायकली मागच्या बंपरवर टांगल्या, डाळ-तांदळाचे डबे आणि कॅन मागच्या कप्प्यात भरले, एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, मागे असलेली पाण्याची टाकी काठोकाठ भरली. कागदावर सगळं जमलं.

हा सल्ला आजही लोक एकमेकांना देतात आणि ऐकला की माझं डोकं फिरतं. माझे आजोबा बैलगाडीतून ऊस वाहायचे. गाडी मागून जड भरली की ती उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. पुढून फार जड झाली तर धुरजड, बैल मानेत वाकतात. गाडी भरताना पोराला आधी हे शिकवायचे. ऊस कसा रचायचा ते नंतर. ट्रेलरचं अगदी तसंच आहे, फरक एवढाच की उलाळ ट्रेलर ताशी ६५ मैलांनी धावत असतो.

जून २०१६, वायोमिंग. लॅरमी सोडून आम्ही एल्क माउंटनच्या बाजूला चाललो होतो. वारा डावीकडून होता, वेग ६८. एक सेमी ट्रक डावीकडून पुढे गेला. तो शेजारी होता तोवर वारा अडला, तो पुढे सरकताच वाऱ्याचा धक्का बसला. डाव्या आरशात ट्रेलरचा मागचा कोपरा दिसला, जो एरवी कधी दिसत नाही. मग तो उजव्या आरशात दिसला, आधीपेक्षा जास्त. पुन्हा डावीकडे. दर झोक्याला ट्रकचं मागचं अंग खेचलं जात होतं, स्टिअरिंग हातात हलकं लागत होतं. मागच्या सीटवर धाकटीने दोन्ही हातांनी माझी सीट धरली होती, ते पाठीला जाणवत होतं.

मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, ट्रकच्या ब्रेकला हात... पाय लावला नाही, आणि डॅशबोर्डखालच्या ब्रेक कंट्रोलरची पट्टी अंगठ्याने सरकवली. तिने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. ट्रेलर मागून ओढला गेला, झोके लहान झाले आणि थांबले. एवढी एक गोष्ट मी घराजवळच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आधी वीस वेळा केली होती. तुम्हीही करा, पट्टी न बघता सापडली पाहिजे. झोके सुरू झाल्यावर ट्रकचा ब्रेक दाबला तर ट्रेलर पुढे ढकलतो आणि कैची होते, म्हणजे ट्रक आणि ट्रेलर जोडणीत दुमडतात. स्टिअरिंगने झोके मारून काढायला जाल तर ते वाढतात. "वेग वाढव म्हणजे सरळ होतो" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, कारण वेगानेच झोके जोर धरतात.

पुढच्या ट्रक स्टॉपवर काट्यावर चढलो. नाकावर निघाले ४८० पौंड, सात टक्के. तिथेच पाणी सोडलं, डबे पुढे आणले, सायकली ट्रकच्या हौद्यात घातल्या. झोके गेले आणि ट्रकवर जास्त भार आला, जो होताच. उरलेला प्रवास ताशी ५५ ने केला, घरी येऊन तो ट्रक विकला आणि एक दर्जा वरचा घेतला.

काटा कसा करायचा

मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. त्यात सलग पट्ट्या असतात: पुढची चाकं एकीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर. घरातली सगळी माणसं गाडीत बसलेली, टाकी भरलेली, सामान प्रवासाला असतं तसं. तीनदा वजन करा, त्याच दिवशी पुन्हा केलं तर पुढच्यांचे पैसे बरेच कमी पडतात. पहिल्यांदा सगळं जोडून, जसं चालवणार तसं. दुसऱ्यांदा वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे बार काढून (ही हिच नाकावरचा भार बारच्या जोराने पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरवर वाटते). तिसऱ्यांदा ट्रेलर बाजूला सोडून नुसता ट्रक.

आमच्या आताच्या ट्रकचे आकडे देते, म्हणजे पद्धत कळेल. नुसता ट्रक: पुढे ३,९००, मागे ३,५००, एकूण ७,४००. ट्रेलर लावून, बार काढून: पुढे ३,५६०, मागे ४,७२०, एकूण ८,२८०. या दोन बेरजांतला फरक ८८०, तो नाकावरचा भार. ट्रेलरच्या चाकांवर ६,०२०. त्यात ८८० मिळवले की ट्रेलर ६,९००. ८८० म्हणजे पावणेतेरा टक्के. हे छान आहे.

आता पुढच्या चाकांकडे बघा. ट्रेलर लावताच ३,९०० चे ३,५६० झाले, कारण मागून दाबलं की पुढून उचललं जातं. स्टिअरिंग आणि ब्रेकचा बराच भरवसा याच चाकांवर. बार लावले की पुढे ३,७८०, मागे ४,३८०, ट्रेलरवर ६,१४०. हरवलेल्या ३४० पैकी २२० परत आले. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच यासाठी आहे. उलाळ भरलेला ट्रेलर ती सरळ करत नाही, आणि ट्रकचा पेलोडही वाढवत नाही. दुकानदार दोन्ही कामं तिच्या नावावर खपवतात.

मागच्या एक्सलचा आकडा दारावर लिहिलेल्या एक्सल मर्यादेशी, आणि नाकावरचा भार हिच रिसीव्हरवरच्या, म्हणजे हिच बसते त्या ट्रकच्या चौकोनी नळीवरच्या, स्टिकरशी ताडून बघा. यातला एकही ओलांडत असेल तर सामान काढा. सामान निघत नसेल तर छोटा ट्रेलर घ्या. तिसरा उपाय नाही.

रस्ता

फोनवरचा नेहमीचा नकाशा तुम्हाला ट्रेलरसकट कनेक्टिकटच्या मेरिट पार्कवेवर नेईल, तिथे ट्रेलरला बंदी आहे. न्यूयॉर्कच्या पार्कवेंवरही बंदी, आणि पूल बुटके. उंची-लांबी टाकता येते असं आरव्हीसाठीचं, म्हणजे ट्रेलर आणि घर-गाड्यांसाठीचं, ॲप वापरा. दक्षिणेकडे जात असाल तर बाल्टिमोरच्या हार्बर आणि फोर्ट मॅकहेन्री या दोन्ही बोगद्यांत ट्रेलरचे प्रोपेन सिलिंडर चालत नाहीत. २०२४ मध्ये तिथला फ्रान्सिस स्कॉट की ब्रिज हा पूल कोसळल्यापासून आय-६९५ च्या पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो. साउथ डकोटातला नीडल्स आय बोगदा ८ फूट रुंद आहे, ट्रेलरही बहुतेक तेवढाच असतो. ग्लेशिअर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरातल्या टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब गाडी नेता येत नाही. अशा जागी ट्रेलर कॅम्पवर सोडून नुसत्या ट्रकने जा.

पहिल्या खेपेला कोलोरॅडोतून आय-७० घेऊ नका. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे आणि पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार. उतारावर टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर खालचा धरून ठेवणारं ट्रकचं बटण), खालचा गिअर, आणि ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. आय-८० चा सर्वांत उंच भाग शायेन आणि लॅरमीच्या मधे, ८,६४० फूट, चढ सौम्य. तिथे शत्रू वारा. रोज सकाळी वायोमिंगची ५११ ही रस्त्यांच्या स्थितीची सेवा बघा. हलक्या, उंच वाहनांना रस्ता बंद असं लिहिलं असेल तर ते ट्रेलरसाठीही आहे. एक दिवस थांबलात तर काही बिघडत नाही.

मुक्काम

फेडरल कॅम्पग्राउंडपैकी बहुतेकांचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्हवर सहा महिने आधी उघडतं, त्याच सकाळी बसा. येलोस्टोनच्या आत वीज-पाण्याचं कनेक्शन फक्त फिशिंग ब्रिजला मिळतं. साइटची लांबी वाचा, आणि पहिल्या आठवड्यात पुल-थ्रू साइटच घ्या, म्हणजे एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने निघता येईल अशी, रिव्हर्स न घेता.

३० अँपिअरच्या कनेक्शनवर ३,६०० वॅट मिळतात. एसी आणि इंडक्शन एकदम लावलं की ब्रेकर पडतो, तेव्हा पोळ्या करताना एसी बंद. मिसळणाचा डबा वरच्या कपाटात ठेवू नका, खालीच ठेवा. आमच्या हळदीचे डाग अजून गादीवर आहेत.

टायर

टायरच्या बाजूवर 'DOT' ने सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार अंक बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसो, सहा वर्षं झाली की बदला. ट्रेलरच्या टायरला वेगाची मर्यादा असते, अनेकांना ताशी ६५. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना कायद्यानेच ५५. हवा सकाळी, टायर थंड असताना भरायची.

निघाल्यावर ५० मैलांवर थांबा आणि टॉर्क पान्याने चाकांचे नट पुन्हा आवळा. मग तापमान मोजायच्या बंदुकीने ट्रेलरच्या चाकांचे चारही हब, म्हणजे मधले तुंबे, बघा. एकच हब बाकीच्यांपेक्षा फार तापला असेल तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जातंय. तिथून पुढे जाऊ नका. घर ५० मैलांवरच आहे, मेकॅनिक ओळखीचा आहे, आणि नेब्रास्कात रविवारी दुपारी बेअरिंग शोधण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे.