डिजिटल फ्लाइट प्लॅनच्या नोंदी: निघण्याआधी, हवेत आणि उतरल्यावर

कागदी ऑपरेशनल फ्लाइट प्लॅनवर (मार्ग, वेळा आणि इंधन यांचा वैमानिकाजवळचा आराखडा) पेनाने काट मारलेला आकडा खाली वाचता येतो. टॅबलेटवर तो पुसला की गेला. त्यामुळे तयारी करताना एकच कसोटी ठेवा: निर्णय घेताना वैमानिकासमोर काय होतं, ते नंतर दाखवता आलं पाहिजे. व्यावसायिक हवाई वाहतुकीत उड्डाणपूर्व तयारीचे फॉर्म आणि इंधन-तेलाच्या नोंदी किमान ३ महिने जपाव्यात, असं आयसीएओचं (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं) ॲनेक्स ६ सांगतं. आपल्या देशाचा नियम किंवा कंपनीचं ऑपरेशन्स मॅन्युअल जास्त मुदत सांगत असेल, तर तीच पाळायची.

ब्रीफिंगला बसताना आधी टॅबलेटचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आहे का पाहा. स्थानिक वेळेने पडलेली नोंद पुढे कशाशीच जुळत नाही. नॅव्हिगेशन डेटा चालू एआयआरएसी सायकलचा (हवाई माहिती ठरल्या तारखांना बदलण्याच्या चक्राचा) आहे ना, तेही तपासा. ही सायकल दर २८ दिवसांनी बदलते. ॲपचं अपडेट उड्डाणाच्या दिवशी टाकू नका.

मग प्लॅनची आवृत्ती. सर्वाधिक घोळ इथेच होतो. डिस्पॅचर (जमिनीवरून उड्डाणाचा प्लॅन बनवणारा) वजन किंवा मार्ग बदलून नवी आवृत्ती पाठवतो, ॲप आपणहून सिंक होतं आणि कमांडरची (मुख्य वैमानिकाची) सही मात्र जुन्या आवृत्तीवर राहते. म्हणून आवृत्तीचा क्रमांक दोन्ही टॅबलेटवर मोठ्याने वाचून जुळवा, मगच सही करा. सहीनंतर ऑटो-अपडेट बंद ठेवा आणि त्या आवृत्तीची पीडीएफ काढून ठेवा. जुनी फाइल उघडायला तेच ॲप लागत असेल तर पुढे अडचण होते. प्रत जमिनीवर पोहोचल्याची खूण दिसल्याशिवाय निघू नका. नेटवर्क नसेल तर छापील प्रत सही करून तळावर ठेवा. एटीसीकडे (हवाई वाहतूक नियंत्रणाकडे) भरलेला प्लॅन वेगळा, त्याचीही आठवण ठेवा: नियंत्रित उड्डाणाला निघायला ठरल्या वेळेपेक्षा ३० मिनिटांहून जास्त उशीर झाला तर तो सुधारावा किंवा नव्याने भरावा लागतो, आणि त्या बदलाची नोंदही याच फाइलमध्ये यावी.

इंधनाची नोंद हाताने करा. समजा टाकीत २,४५० किलो शिल्लक होतं, बाउझरने (इंधनाच्या टँकरने) ६,२०० लिटर भरलं आणि पावतीवर घनता ०.७९ (किलो प्रति लिटर) आहे. भरलेलं इंधन ४,८९८ किलो झालं, एकूण ७,३४८. गेज ७,३०० दाखवत असेल तर ४८ किलोंचा फरक तसाच लिहा, आणि एपीयू (विमान जमिनीवर असताना वीज देणारं छोटं इंजिन) चालू होतं का, तेही. लिटर, किलो आणि पाउंड यांची गल्लत या एका ओळीत पकडली जाते. ॲपने आपणहून भरलेल्या आकड्यात ती लपून राहते.

हवेत मार्गावरच्या ठरलेल्या वेपॉइंटवर (खुणेच्या बिंदूवर) प्रत्यक्ष वेळ आणि उरलेलं इंधन टाका. जीपीएसवरून वेळ आपोआप भरली जात असली तरी इंधन गेजवरूनच वाचायचं. एका पॉइंटवर प्लॅनपेक्षा १५० किलो कमी आणि पुढच्यावर ३०० किलो कमी, हा कल दिसला तर जोरदार समोरचा वारा, चुकीची उंची की गळती, याचा शोध लगेच सुरू होतो. मधली नोंद राहिली असेल तर अंदाजाने भरू नका, रिकामी सोडा. डायरेक्ट रूटिंग (मधले पॉइंट वगळून थेट मार्ग) किंवा बदललेली लेव्हल (उंची) मिळाली, तर वेळेसह एक ओळ पुरे. टॅबलेट बंद पडला तर कागदी प्रतीवर पुढे लिहा आणि कुठल्या पॉइंटपासून लिहिलं ते नमूद करा.

उतरल्यावर शिल्लक इंधन आणि ब्लॉक वेळा (जागेवरून हलल्याची आणि पुन्हा थांबल्याची वेळ) टेक्निकल लॉगशी, म्हणजे विमानाच्या नोंदवहीशी, जुळवा, मग प्लॅन बंद करा. बंद केल्यानंतर चूक सापडली तर जुना आकडा न पुसता वेगळी दुरुस्ती जोडा, नाव आणि यूटीसी वेळेसह. सामायिक टॅबलेटवर अपलोड पूर्ण होण्याआधी लॉग-आउट करू नका; पुढच्या क्रूने लॉग-इन केलं की अडकलेली फाइल पुसली जाऊ शकते. अपघात किंवा गंभीर घटना घडली असेल, तर मुदतीचा हिशोब बाजूला ठेवा: सिंक थांबवा, काहीही दुरुस्त करू नका आणि टॅबलेट आहे त्या स्थितीत कंपनीच्या सुरक्षा विभागाकडे द्या.