दार बंद करून करायची कामं: स्वमग्न लेकरांसाठी दोन खेळ

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) लेकराला ‘चारचौघांत कपडे काढू नको’ असं कितीदा सांगितलं तरी त्यातलं ‘चारचौघांत’ बऱ्याचदा त्याच्या ध्यानात येत नाही. ते डोळ्यांना दिसायला हवं.

फोनवर दहा फोटो काढा, पोस्टकार्डाएवढे छापून लॅमिनेट करा. पाच खासगी कामांचे: बादली-तांब्या, घडी घातलेली चड्डी, संडासचं भांडं असे. पाच चारचौघांतले: भाकरीचं ताट, दप्तर, चेंडू वगैरे. फोटो वस्तूंचेच घ्या; लेकराचा उघडा फोटो कधीच नको. विकतच्या तक्त्यावरचा बाथटब परभणीकडच्या लेकराला स्वतःची न्हाणी वाटत नाही.

आता दोन ताटं. एकात बंद दाराचा फोटो, दुसऱ्यात उघड्या दाराचा. लेकरानं एकेक कार्ड योग्य ताटात टाकायचं. बरोबर आलं की लगेच दोन फुटाणे. पाच मिनिटं पुरे. प्रत्येक डावाला ताटांची अदलाबदल करा, नाहीतर ते ‘डावं-उजवं’च शिकतं. तुमची नजरही कार्डावर ठेवा. बरोबर ताटाकडे पाहिलंत की उत्तर फुटलं. खोल्यांची वाटणी मुद्दाम टाळली आहे: एकखणी घरात जेवण आणि कपडे बदलणं एकाच जागी होतं, फरक दाराचा असतो. दारच नसेल तर साडीच्या पडद्याचा फोटो लावा.

सलग तीन दिवस दहापैकी नऊ कार्डं बरोबर आली की प्रत्यक्ष न्हाणीत सराव करा. कपडे, टॉवेल आधीच आतल्या खुंटीवर हवेत. बरीच लेकरं ओल्या अंगानं बाहेर येतात ती टॉवेल बाहेर राहिला म्हणून. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर मोठी माणसं अंगणात उघड्यावर आंघोळ करू लागली की खेळ फसलाच म्हणा. आडोसा सगळ्यांसाठी बांधा.

दुसरा खेळ टकटकीचा. लेकरानं दार वाजवायचं, थांबायचं. आतून ‘ये’चं हिरवं किंवा ‘थांब’चं लाल कार्ड दाराच्या फटीतून येतं. आधी नुसतं हिरवं, मग अधूनमधून लाल, पाच सेकंदांचं. लेकरू आत असताना मोठ्यांनीही वाजवायचं.

‘अंगाला कुणीच हात लावायचा नाही’ हा नियम देऊ नका. दवाखान्यात आणि आंघोळीला तो अंगाशी येतो. मदत करणाऱ्या दोघा-तिघांचे फोटो न्हाणीत लावा. त्यांनीही हात लावण्याआधी सांगायचं, आणि ‘कुणाला सांगू नको’ असं कुणी म्हटलं तर लेकरानं आईला सांगायचं, हे त्याच फोटोंपाशी रोज शिकवा.

मामाच्या घरी किंवा शाळेच्या संडासात सगळं विसरल्यासारखं होईल. तिथल्या दाराचा फोटो काढून ताटात ठेवा आणि दोन कार्डांपासून पुन्हा सुरू करा.