डिसेंबरात झू बघायला जर्मनीला जाताय? आधी उजेडाचा हिशोब करा

आमच्याकडे सगळं मुंबईच्या राणीच्या बागेतल्या झूपासून सुरू झालं. तिथले हम्बोल्ट पेंग्विन २०१६ मध्ये कोरियाहून आले, २०१७ पासून बघायला मिळायला लागले आणि आमची लेक तेव्हापासून त्या काचेसमोरून हलायलाच तयार नसायची, भायखळ्याहून परत येताना मुलुंडपर्यंत ट्रेनमध्ये पेंग्विनशिवाय दुसरा विषय नाही. म्हणून शाळेची नाताळची सुट्टी आणि माझ्या उरलेल्या रजा जुळल्या त्या वर्षी ठरवलं की १० दिवस नुसते झू आणि ॲक्वेरियम बघायचे, राजवाडे नाहीत, शॉपिंग नाही. बऱ्याच मैत्रिणींनी विचारलं की अगं एवढ्या थंडीत प्राणी दिसतात तरी का, तर दिसतात, छान दिसतात, पण प्लॅन उन्हाळ्यासारखा करून चालत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. हिवाळ्यात तुमच्या हातात पैसे किती आहेत त्यापेक्षा उजेड किती आहे ते बघा. बर्लिनला डिसेंबरच्या शेवटी सूर्य उगवतो सव्वाआठला आणि मावळतो चारच्या सुमारास. आपल्याला मुंबईत संध्याकाळी सहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे हे डोक्यातच येत नाही. मी पहिला प्लॅन केला तेव्हा सकाळी हॉटेल सोडायचं, ट्रेन पकडायची, दुपारी दोनला पुढच्या गावातल्या झूमध्ये जायचं असं लिहून ठेवलं होतं आणि एका ठिकाणी आम्ही सामान ठेवून, जेवून, पोचलो पावणेचारला तर शेवटची एन्ट्री बंद झालेली, लेक गेटच्या जाळीतून आत बघत उभी, मला फार वाईट वाटलं. त्या रात्री बसून पुढचा सगळा प्लॅन बदलला. प्रवासाचा दिवस वेगळा आणि झूचा दिवस वेगळा, एका दिवशी एकच झू, आणि गेट उघडताना आपण गेटवर.

आता दिवस कसा लावायचा. सकाळी नऊ ते साधारण एक बाहेरचे प्राणी, त्यानंतर आतले हॉल, आणि अंधार पडला की ॲक्वेरियम. बर्लिन झू यासाठी अगदी सोयीचं आहे कारण ते शहराच्या मधोमध आहे आणि ॲक्वेरियम त्याला लागूनच आहे. झू १८४४ चं, जर्मनीतलं सगळ्यात जुनं, ॲक्वेरियमची इमारत १९१३ ची. हिवाळ्यात झू साडेचारला बंद होतं पण ॲक्वेरियम सहापर्यंत चालू असतं, त्यामुळे दोन्हींचं एकत्र तिकीट काढा, म्हणजे तोच दिवस दीड तास लांबतो. खाली मासे आणि जेलीफिश, वर साप-मगरी, त्याच्या वर किडे आणि बेडूक. जायच्या आदल्या आठवड्यात वेळा मात्र झूच्या साइटवर परत चेक करा, २४ आणि ३१ डिसेंबरला बहुतेक ठिकाणं लवकर बंद होतात, काही तर उघडतच नाहीत.

थंडीत बाहेर कोण असतं हे कळलं की रस्ता आखणं सोपं जातं. सायबेरियन वाघ, हिमबिबट्या, लांडगे, बायसन, रेड पांडा, ध्रुवीय अस्वल यांना थंडी आवडते, उलट उन्हाळ्यात ही मंडळी सावलीत पाय पसरून झोपलेली असतात. जिराफांना बर्फ पडलं की बहुतेक आतच ठेवतात कारण एवढ्या लांब पायांवर घसरून पडले तर जिवावर बेततं. हत्ती, गोरिला, पाणघोडे आपापल्या घरात. आणि ही आतली घरंच मला हिवाळ्याचा खरा फायदा वाटतात, कारण प्राणी तुमच्यापासून हातभर अंतरावर असतो आणि गर्दी नसते.

बर्लिनच्या पाणघोड्यांच्या घरात पाण्याखाली बघायची मोठी काच आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे दुसरं कोणीच नव्हतं. पाणी हिरवट, आत काही दिसेना, आणि मग तळाशी एक पाय आला, चार बोटांचा, तो हळूच तळाला टेकला आणि एवढं मोठं धूड त्या एका टेक्यावर वर उचललं गेलं आणि आमच्या डोळ्यांसमोरून तरंगत गेलं, कानाजवळच्या घड्या दिसत होत्या, नाकपुड्या घट्ट मिटलेल्या. लेक पाऊण तास तिथून हलली नाही. म्हणून सांगते, आवडत्या दोन जागांसाठी एकेक तास मोकळा ठेवा, सगळं बघून संपवायच्या मागे लागू नका.

बर्लिनमध्ये दुसरं झू पण आहे, टिअरपार्क, जुन्या पूर्व बर्लिनमध्ये, १९५५ साली सुरू झालेलं. ते १६० हेक्टर आहे, म्हणजे राणीची बाग सातेक वेळा मावेल एवढं. त्याला पूर्ण दिवस द्या आणि शक्यतो ज्या दिवशी पाऊस नाही तो दिवस द्या, कारण दोन घरांमधलं अंतर फार आहे आणि ओल्या थंडीत लहान मुलं आणि आजी-आजोबा दोघंही कंटाळतात. एक सूचना, जुन्या व्हिडिओंमध्ये बर्लिनच्या एका हॉटेलच्या लॉबीतलं उंच गोल ॲक्वेरियम दाखवतात, ॲक्वाडोम, ते १६ डिसेंबर २०२२ ला पहाटे फुटलं, १० लाख लिटर पाणी रस्त्यावर आलं, दीड हजारांपैकी बहुतेक मासे गेले. यादीतून काढून टाका.

पण मला विचाराल तर हिवाळ्यातलं एकच झू निवडायचं झालं तर लाइपझिग. बर्लिनहून फास्ट ट्रेनने सव्वा तास. तिथे २०११ मध्ये गोंडवानालँड नावाचा हॉल उघडला, साडेसोळा हजार चौरस मीटरचं काचेसारखं पारदर्शक छप्पर असलेलं जंगल, दोन फुटबॉल मैदानांहून मोठं. बाहेर शून्य डिग्री आणि आत पंचविसेक, दमट, अगदी आपल्या जूनच्या पहिल्या पावसानंतर येतो तसा ओल्या मातीचा वास. कोमोडो ड्रॅगन, मोठी पाणमांजरं, तापीर (छोट्या सोंडेचा डुकरासारखा प्राणी), पिग्मी पाणघोडा आणि आतल्या नदीतून बोट. दुपारी एकनंतरच आत शिरा, बाहेरचा उजेड वाया घालवू नका. दार उघडल्याउघडल्या चष्मा, फोन, कॅमेरा सगळं पांढरं होतं, कारण थंड काचेवर दमट हवेतलं पाणी जमतं. घाईघाईत शर्टाने पुसू नका, परत जमतं. बाहेर असतानाच कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करा, आत गेल्यावर १५-२० मिनिटं तसाच राहू द्या, थेंब पिशवीवर जमतात, मग काढा. जॅकेटं काढून ठेवायची सोय कुठे आहे ते शिरतानाच विचारा, तीन जाड जॅकेटं हातात धरून जंगल बघणं फार त्रासाचं होतं. त्याच झूमध्ये पोंगोलँड आहे, चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान चारही एका ठिकाणी, आणि तिथे मॅक्स प्लांक या संशोधन संस्थेचे लोक या वानरांच्या बुद्धीवर अभ्यास करतात.

पक्षी हा तुमचा मुख्य विषय असेल तर आधीच सावध करते, हिवाळ्यात युरोपात बर्ड फ्लू आला की झूवाले पक्ष्यांचे विभाग बंद करतात, साइटवर नोटीस असते, ती वाचूनच तिकीट काढा.

कपड्यांचं फार डोक्यावर घेऊ नका. थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वाऱ्या-पावसाला दाद न देणारं जॅकेट, कारण दिवसातून पाच-सहा वेळा थंडीतून गरमीत आणि परत जायचं असतं आणि एकच जाडजूड कोट असला की आत घामाघूम. बुटात मात्र कंजुषी नको, वॉटरप्रूफ आणि एक नंबर मोठे, दोन मोजे घालता आले पाहिजेत. ते बूट घालून इथेच महिनाभर चाला, आम्ही रोज संध्याकाळी कॉलनीत फेऱ्या मारायचो.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, नाताळच्या गर्दीत अपॉइंटमेंट मिळणं कठीण असतं त्यामुळे गणपती झाले की लगेच कामाला लागा, दिवाळीची वाट बघू नका. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहान असतील तर फी नाही. इन्शुरन्स किमान ३० हजार युरोचा आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस त्यात आला पाहिजे. आमच्या एजंटने परतीच्या तारखेत एक दिवस कमी टाकला होता, मी आदल्या रात्री कागद लावताना बघितलं म्हणून निभावलं, तेव्हा एजंट असला तरी प्रत्येक तारीख स्वतः बोट ठेवून वाचा. पासपोर्ट परतीनंतर निदान ३ महिने चालू हवा.

मुंबईहून फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला थेट विमान असतं, पुढे ट्रेन. जर्मन रेल्वेची तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात, पण स्वस्त तिकीट ठरलेल्या गाडीलाच चालतं, म्हणून विमान उतरण्याच्या दिवसाचं स्वस्त तिकीट काढू नका, विमान लेट झालं की गेले पैसे. रविवारी आणि २५-२६ डिसेंबरला तिथली दुकानं बंद असतात, ब्रेड-फळं-दूध २४ च्या सकाळी भरून ठेवा. खाण्याचं म्हणाल तर खाकरा, चिवडा, दाण्याची चटणी, मेतकूट न्या, पण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, तर पनीर, खवा, तूप घरीच. थर्मासमध्ये गरम पाणी आणि इन्स्टंट पोह्यांची पाकिटं, झूच्या बाकावर बसून खाल्लेले ते पोहे लेकीला अजून आठवतात.

जर्मनी नकोच असेल तर दोन पर्याय पटकन सांगते. जपानच्या होक्काइडोत आसाहिकावाला आसाहियामा झू आहे, तिथे डिसेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत किंग पेंग्विनना बर्फावरून फिरायला सोडतात आणि आपण बाजूला उभं राहून बघायचं, पण उणे १० डिग्रीची तयारी लागते आणि ३० डिसेंबर ते १ जानेवारी झू बंद. ओसाकाच्या काइयूकान ॲक्वेरियममध्ये व्हेल शार्क आहे. राणीची बाग बुधवारी बंद तशी जपानमधली बरीच झू सोमवारी बंद असतात. थंडी अजिबात सोसत नसेल तर सिंगापूर, फक्त डिसेंबरात तिथे पाऊस असतो, छत्री आणि नाइट सफारीसाठी एक संध्याकाळ जास्तीची ठेवा.

आमच्या ट्रिपचा शेवट श्ट्रालझुंडला केला, बर्लिनहून साधारण तीन तास, बाल्टिकच्या काठावरचं बंदर. तिथलं ओझिआनेउम नावाचं ॲक्वेरियम २००८ मध्ये उघडलं, थंड समुद्रातले मासे, हेरिंगचे थवे, आणि एका अंधाऱ्या हॉलमध्ये खऱ्या आकाराच्या देवमाशांच्या प्रतिकृती छताला टांगलेल्या, खाली आरामखुर्च्यांवर आडवं पडून देवमाशांचा आवाज ऐकायचा. आणि गच्चीवर हम्बोल्ट पेंग्विन. हा पेरू-चिलीच्या किनाऱ्याचा पक्षी, बर्फातला नाही, म्हणून भायखळ्याला त्याच्यासाठी एसी लावून १६-१८ डिग्री ठेवतात, आणि इथे तो उघड्यावर समुद्राच्या वाऱ्यात पंख पसरून उभा. लेक त्यांच्या छातीवरचे काळे ठिपके बघत होती, प्रत्येकाचे वेगळे असतात हे तिला राणीच्या बागेतच कळलं होतं. बोटं गारठून लाल झाली तरी ती खाली यायला तयार नव्हती. इथे सकाळच्या ट्रेनने या आणि परतीची गाडी पाचनंतरची धरा, गच्ची उजेडात करा, देवमासे शेवटी ठेवा.