विंडोज ११ घालताय? बायोसला हात लावण्याआधी रिकव्हरी की लिहून घ्या

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विंडोज ११ वर जाणं योग्यच. मशीन चालेल का, हे मायक्रोसॉफ्टचं मोफत ‘पीसी हेल्थ चेक’ सांगतं. टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा-चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. रॅम कागदोपत्री ४ जीबी पुरते, पण ८ च्या खाली काम रखडतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदीत) फेरफार करून अपात्र मशीनवर विंडोज ११ बसवू नका. पुढचे अपडेट येतीलच याची हमी नाही.

बॅकअप घ्या. सी ड्राइव्हवर ३० जीबी मोकळी ठेवा.

आता खरा अडथळा: बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर. ‘सिक्युअर बूट चालू करा, बायोस अपडेट करा, टीपीएम क्लिअर करा’ असं व्हिडिओंमध्ये बिनधास्त सांगतात. बिटलॉकरचं, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचं, नावही कोणी काढत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (बिटलॉकरचंच साधं रूप) आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. संगणक नेहमीच्याच पद्धतीने सुरू होतोय याची खात्री पटली, तरच टीपीएम डिस्कची किल्ली सोडते. बायोस बदललं की बऱ्याचदा ही खात्री पटत नाही आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल आणि बदल मागे घेऊनही भागलं नाही, तर डेटा गेला. दुकानदारही तो काढून देऊ शकत नाही; फॉरमॅट एवढाच मार्ग उरतो.

म्हणून आधी सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ शोधा. प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनेलमधलं ‘बिटलॉकर ड्राइव्ह एन्क्रिप्शन’ बघा. चालू असेल तर मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन की शोधा आणि कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून काही उपयोग नाही. खात्यात एकापेक्षा जास्त की दिसल्या तर प्रत्येकीचा की आयडीही लिहा; निळ्या पडद्यावर तोच आयडी दिसतो. मग प्रोमध्ये ‘सस्पेंड प्रोटेक्शन’ करा. होम आवृत्तीत एन्क्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा. जुन्या हार्ड डिस्कवर याला काही तास लागतात. त्यानंतरच बायोसमध्ये शिरा. इंटेलवर ‘पीटीटी’, एएमडीवर ‘एफटीपीएम’ या नावाने टीपीएम सापडेल. ‘क्लिअर टीपीएम’ला हात लावू नका.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा कुठूनही सेकंडहँड लॅपटॉप घेतला असेल तर जास्त जपा. आधीच्या मालकाचंच विंडोज त्यात राहिलं असेल, तर की त्याच्या किंवा त्याच्या कंपनीच्या खात्यात असू शकते. अशा मशीनवर अपग्रेड करत बसू नका. पेन ड्राइव्हवरून जुनी पार्टिशन्स (डिस्कचे भाग) पुसून विंडोज ११ नव्याने टाका. नव्या इन्स्टॉलेशनमध्ये, विशेषतः २४एच२ (विंडोज ११ ची २०२४ ची आवृत्ती) पासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की एन्क्रिप्शन पुन्हा आपोआप चालू होऊ शकतं, म्हणून नवी की लगेच लिहून घ्या.

पुढचं सोपं आहे: चार्जर लावा, विंडोज अपडेटमधून किंवा इन्स्टॉलेशन असिस्टंटने अपग्रेड सुरू करा, मध्ये बंद करू नका. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच.

झाल्यावर बिटलॉकर पुन्हा चालू झालंय का, ते बघा. मराठी टायपिंगसाठी ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड जोडा. वर्डपॅड २४एच२ पासून काढून टाकलंय, ते शोधत बसू नका. प्रिंटर किंवा टॅली अडलं तर १० दिवसांच्या आत ‘रिकव्हरी’मधल्या ‘गो बॅक’ने विंडोज १० वर परतता येतं. तोवर ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर डिलीट करू नका.