पाणथळाकाठच्या उतारावर घर: सुनावणीत सूट कशी मिळाली

आमच्या भूखंडामागे पाणथळ आणि मध्ये तीव्र उतार असल्यामुळे, बांधकामाच्या नियमाप्रमाणे पाणथळापासून १५ मीटर आणि रस्त्यापासून ६ मीटर अंतर सोडल्यावर घरासाठी जेमतेम एका खोलीच्या रुंदीची पट्टी उरत होती. पाणथळाकडचे अंतर कमी करून मागणारा अर्ज हरकतींमुळे तहकूब झाला, तेव्हा आम्ही मागणीची दिशाच बदलली: घर पुढे सरकवले आणि सूट फक्त रस्त्याकडच्या सामासिक अंतरात, म्हणजे बांधकामापुढे मोकळ्या सोडायच्या जागेत, मागितली.

अशा सुनावणीत निव्वळ आर्थिक तोट्याला फारसे वजन नसते. अडचण मुळात जमिनीतच आहे का, ती मालकाने स्वतः ओढवून घेतलेली नाही ना, आणि मागितलेली सूट गरजेपुरतीच आहे का, हे पाहिले जाते. म्हणून पाणथळाची हद्द तज्ज्ञाकडून खुंट्या ठोकून आखून घेतली आणि तीच रेषा जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या समोच्च नकाशावर उतरवली. उतार कापण्याऐवजी घर खांबांवर उचलले, आणि छपराचे पाणी खडी भरलेल्या चरात जिरवल्यामुळे वाहून जाणारे पाणी आधीपेक्षा वाढणार नाही, याचे गणित अर्जाला जोडले. खालच्या बाजूच्या शेजाऱ्यांची पाण्याची भीती रास्तच होती. सुनावणीआधी त्यांना त्या खुंट्या आणि चराची जागा प्रत्यक्ष दाखवल्यावर बहुतेक हरकती मागे घेतल्या गेल्या.

गाळ अडवणारे कापडी कुंपण घालणे आणि काठची झुडपे न तोडणे या अटी आम्ही अर्जातच लिहून दिल्या होत्या. मंजुरीपत्रात त्या तशाच उतरल्या.