जुन्या ओम्नीसाठी धक्का पचवणारा मागचा बंपर

ओम्नीच्या मागे जाडजूड लोखंडी पाइप ठोकून घेणारे पुष्कळ आहेत. गाडी रिव्हर्समध्ये खांबाला आदळली की पाइपाला ओरखडाही येत नाही, पण धक्का जसाच्या तसा आत जातो आणि गंजलेले पत्रे वाकतात. बंपर गाडीच्या आधी दबला पाहिजे, आणि दबायला त्याला अंतर मिळालं पाहिजे.

आधी हिशेब. रिकामी ओम्नी साधारण ७८५ किलोची, चालक आणि किरकोळ सामान धरून ९०० किलो. ताशी ५ किमी वेगाला ऊर्जा सुमारे ८७० ज्यूल. ती ६ सेंमीत जिरवायची तर दीड टनाचा जोर पडतो, १ सेंमीत जिरवायची तर जवळपास ९ टनांचा. वेग ४० झाला की ऊर्जा ६४ पट होते, म्हणजे हे काम पार्किंगमधल्या धक्क्यांपुरतंच. पुढच्या बाजूला हा उद्योग करू नका. तिथे बसणाऱ्यांचे पाय बंपरच्या अगदी मागे असतात. शिवाय क्रॅश गार्ड आणि बुल बारवर (बंपरपुढे लावतात ते लोखंडी पाइप) कारवाई करायला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना सांगितलंच आहे. मागेही मूळ कव्हरच्या आत जागा पुरत नसेल तर गाडीची लांबी वाढते. आधी आरटीओत विचारा.

दबणारा भाग म्हणून एक्सपीएस बोर्ड घ्या, म्हणजे गच्चीच्या इन्सुलेशनला वापरतात तो टणक फोम, २५० किलोपास्कल ताकदीचा. १५ × २० सेंमीचे दोन ठोकळे, प्रत्येकी १० सेंमी जाड. प्रत्येक ठोकळा साधारण पाऊण टनाला दबायला लागतो. जाडीच्या ६० टक्क्यांपर्यंतच तो नीट दबतो, पुढे दगड होतो. माल खरा आहे का ते घरीच बघा: ५ × ५ सेंमीच्या तुकड्यावर सपाट फळी ठेवून अलगद उभे राहा. ५० किलोच्या माणसाला त्याने तग धरावा, ८० किलोच्या माणसाला दबावं. ५० किलोलाच चपटा झाला तर ते साधं थर्माकोल. रबर, टायरचे तुकडे किंवा स्प्रिंग नकोत. ते ऊर्जा साठवतात आणि गाडीला उलट ढकलतात.

५० मिमीचे दोन थर चिकटवायला पीयू (पॉलियुरेथेन) गोंद वापरा. पंक्चरच्या सोल्युशनसारखे गोंद आणि पेट्रोल फोम विरघळवतात, म्हणून ठोकळा जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. ७५ अंशांच्या आसपास तो मऊ पडतो, तेव्हा सायलेन्सरच्या बाजूला पत्र्याची आड हवी.

रचना अशी: चासीला प्लेट, तिच्यावर ठोकळा आणि त्याच्या बाहेर आडवा पाइप. पाइप आणि ठोकळ्याच्या मध्येही ठोकळ्याएवढी सपाट प्लेट घाला, नाहीतर पाइपाखालचा पट्टाच दबतो. आडवा पाइप ६० × ६० मिमी, ४ मिमी जाडीचा. ठोकळ्यांमधलं अंतर ८०० मिमी ठेवलं तर मधोमध दीड टन पडूनही तो वाकत नाही. ५० × ५०, ३ मिमीचा पाइप इथे हमखास वाकतो. पाइपाचा मध्य जमिनीपासून ४४५ मिमीवर आणा; संयुक्त राष्ट्रांच्या ४२ क्रमांकाच्या बंपर-नियमातली संदर्भ उंची हीच.

चासीच्या टोकांना ५ मिमीच्या प्लेटा बोल्टने बसवा. तिथला पत्रा पातळ असतो, वेल्डिंगने जळतो. टाकी किंवा गॅस सिलिंडरजवळ तर वेल्डिंग नकोच. पत्रा आधी हातोडीने ठोकून बघा, भोक पडलं तर आधी पत्र्याचं काम.

प्रत्येक ठोकळ्याला दोन एम१२ (१२ मिमी जाडीचे), ८.८ ताकद-ग्रेडचे बोल्ट. खरी गोम इथे आहे. बोल्टचं डोकं पाइपाला पक्कं करा आणि शेपूट प्लेटच्या भोकातून आत सरकू द्या. उलटं केलं तर पाइप आत जातो, बोल्ट बाहेर भाल्यासारखे राहतात आणि मागच्या माणसाच्या पायाला लागतात. प्लेटमधलं भोक आडवं १४ × २० मिमीचं ठेवा, नाहीतर तिरप्या धक्क्याला बोल्ट अडकतो आणि फोम दबतच नाही. प्लेटमागे, बोल्टच्या टोकापासून पुढे, किमान ७ सेंमी मोकळी जागा हवी. पेट्रोलची नळी, वायर तिथून बाजूला घ्या. शेपटावरचा नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा) हाताला लागेल इतकाच आवळा. फोम आधीच दाबून ठेवला तर तेवढं अंतर फुकट जातं. पाइपाचं वजन बोल्टवर असावं, फोमवर नाही.

फक्त कोपरा आदळला तर एकच ठोकळा काम करतो आणि मर्यादा साडेतीन किमीवर येते. वर सांगितलेल्या नियमातली कोपऱ्याची चाचणी अडीच किमीची आहे, त्या मानाने ठीक. १० सेंमीला जागा नसेल तर ७५ मिमीचा बोर्ड चालेल. सरळ धक्क्याची मर्यादा मग साधारण ४.४ किमी.

डिक्कीचा दरवाजा पूर्ण उघडून बघा, नंबर प्लेट आणि तिचा दिवा झाकला जात नाही ना तेही. एकदा दबलेला फोम पुन्हा उभा राहत नाही, म्हणून धक्क्यानंतर जाडी मोजा आणि ५ मिमीपेक्षा जास्त घटली असेल तर दोन्ही ठोकळे बदला.